शून्य येईपर्यंत

"ओटिलियाबाई, दार उघडा लवकर! बाई पार गारठलीय!"

शिपाई बुटाने दार ठोकत होता, कारण त्याचे दोन्ही हात गुंतले होते. मी फरशी पुसायची बादली तशीच टाकून धावले. नाताळच्या आदल्या दिवसाची सकाळ, अकरा वाजत आलेले, आणि आमच्या उतारघराच्या दारात दोघा पोलिसांनी एक बाई आणून उभी केली. उभी कसली, दोघांच्या मधे नुसती लोंबकळत होती. डोक्यावरचा रुमाल गळ्यात आलेला, एकाच हातात हातमोजा, गुडघ्यांना बर्फ चिकटलेला.

"कुठे सापडली?"

"कब्रस्तानात. बाकावर बसली होती. उणे अकरा आहे बाहेर. आणखी तासभर बसली असती तर तिथल्या तिथेच सोय झाली असती तिची."

"जिभेला काही हाड तुझ्या? सणाच्या दिवशी तरी बरं बोल."

मी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि ओळखलं. एल्फ्रिदा बुलांदा. वालेंतीची बायको. देवा, म्हटलं, वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस मोकळे होते, हिला आजच पाठवायची होती?

"हिला दुसरीकडे नाही नेता येणार?" मी हळूच विचारलं.

शिपाई हसला. "दुसरीकडे म्हणजे कुठे, बाई? सगळ्या गावात प्यायलेल्याला निजवायला तुमचंच एक हॉटेल."

खरंच होतं ते. आमचं गाव कोळशाच्या खाणीचं. गावात चर्च दोन, सिनेमा एक, दारूची दुकानं किती ते मोजायच्या फंदात कुणी पडत नसे, आणि उतारघर एक. रस्त्यात पडलेला माणूस इथे आणायचा, त्याचे कपडे आणि सामान कपाटात ठेवून त्याला पायजमा-सदरा घालायचा, निजवायचा आणि उतरली की घरी सोडायचा. पुरुषांचा वॉर्ड मोठा, बायकांची एक खोली. त्या खोलीची आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे, वीस वर्षं. आणि माणसाला ठेवायचं, दवाखान्यात धाडायचं की सोडायचं, हे ठरवणारी सही रूफिन कोपेचची, एकतीस वर्षं.

रूफिन डॉक्टर नव्हता. फेल्चर होता, म्हणजे अर्धा डॉक्टर. लढाईनंतर पुरे डॉक्टर मिळेनात तेव्हा सरकारने घाईघाईने असे अर्धे तयार केले होते, आणि आता त्यांची शाळाही बंद पडली होती. उंच, वाकलेला, सड्या अंगाचा माणूस. लग्न केलं नाही. बोलणं मोजकं. पण हात असे की मी कुठल्या डॉक्टरचे पाहिले नाहीत. कुणीही आणला की आधी त्याचं डोकं दोन्ही हातांनी चाचपायचा, बाजारात कलिंगड बघावं तसं. "वास सगळ्यांच्या तोंडाला सारखाच येतो, ओटिलिया," मला म्हणायचा, "प्यायलेला कोण आणि डोकं फुटलेला कोण, ते बोटांना कळतं."

तो हात पुसत आला. डोकं चाचपलं. डोळ्यांत उजेड टाकला. मग तिचा चेहरा बघितला आणि त्याचे हात तिच्या कानशिलांवरच थांबले. क्षणभरच. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "फुंका, बाई. जोरात. अजून."

श्वासातली दारू मोजायच्या यंत्रावर एक पूर्णांक एक आला.

"हातपाय कोमट पाण्यात, गरम नको. मग ब्लँकेट, मग गोड चहा," तो मला म्हणाला. "उठली की मला बोलवा." आणि निघून गेला. तिच्या नावाची नोंदही त्याने मलाच करायला लावली.

त्याचं कारण सांगायला सहा वर्षं मागे जावं लागेल.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आकाशात पहिला तारा दिसला की आमच्याकडे जेवायला बसतात. सगळा दिवस उपास. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडायचं, वाट चुकून कुणी दाराशी आलाच तर त्याच्यासाठी. अनोळखी पाहुण्याचं ताट मांडायचं आणि घरच्या माणसाला इथे डांबून ठेवायचं, हे कुणाच्या मनाला पटणार? म्हणून उतारघराची एक रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळायचे. त्या दिवशी दुपारी दोनला सगळ्यांना सोडायचं. यंत्र काय दाखवतंय ते बघायचं नाही. कपडे द्यायचे, कॉफी पाजायची, सणाच्या शुभेच्छा द्यायच्या आणि दार उघडायचं. मीच कितीतरी वर्षं बटणं लावून देऊन माणसं बाहेर काढली आहेत. आम्हाला ते पुण्य वाटायचं.

सत्त्याऐंशी साली वालेंती बुलांदा असाच आत होता. खाणीत पंपावर काम करायचा, हसरा माणूस, सणासुदीलाच घ्यायचा. यंत्र नऊ दशांश दाखवत होतं. रूफिनने सही केली. वालेंतीने जाताना माझ्या हाताचं चुंबन घेतलं, "मावशी, कार्प माशाचं डोकं तुमच्यासाठी राखून ठेवतो" म्हणाला आणि शीळ घालत गेला. घर वीस मिनिटांवर. तो घरी पोचलाच नाही. मधल्या भाजीच्या वाफ्यांपाशी कुणाच्या तरी झोपडीच्या पायरीवर दम खायला बसला असावा. नाताळच्या सकाळी कुत्रं फिरवणाऱ्याला सापडला, बसलेलाच.

चौकशी झाली. रूफिनला शपथेवर विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून सोडलंत? तो म्हणाला, कुणाच्याही नाही, मी सोडलं. ठपका आला, पगार थांबला, मग सगळे विसरले. रूफिन विसरला नाही. त्या दिवसापासून तो शून्य आल्याशिवाय कुणाला सोडत नसे. नियम अर्ध्याचा होता, अर्ध्याच्या खाली आलं की माणूस घरी. संचालक ओरडले, माणसांनी शिव्या दिल्या, एका खाणवाल्याने खुर्ची भिरकावली. "तुमचा नियम अर्ध्याचा असेल, माझा शून्याचा," एवढंच म्हणायचा. गावात त्याचं नाव शून्यवाला पडलं. नाताळच्या आदल्या दिवशी तर आम्ही दुपारी दोनला दाराला आतून कडी घालायला लागलो होतो.

आणि इकडे वालेंतीची बायको प्यायला लागली होती. हेही गावाला माहीत होतं.

एल्फ्रिदा एक वाजता जागी झाली. मी शेजारी बसून तिच्या कोटाचा तुटलेला बंद शिवत होते. तिने छताकडे बघितलं, पायजम्याकडे बघितलं आणि कुठे आहोत ते तिला कळलं.

"किती वाजले?"

"एक. पडून राहा."

ती धडपडत उठून बसली. "मला जायचंय. चारला नॉर्बर्ट येतोय."

"कोण नॉर्बर्ट?"

"माझा मुलगा, बाई! जर्मनीहून. सव्वातीनच्या गाडीने. चारपर्यंत घरी पोचेल." तिने छातीशी हात नेला, तिथे उतारघरातल्या सदऱ्याची बटणं लागली. "माझं पत्र कुठे आहे?"

पत्र कपाटात होतं, मीच ठेवलं होतं. काढून दिलं. पण तिला ते वाचायची गरज नव्हती. पाठ होतं. "आई, मी नाताळच्या आदल्या दिवशी येतो. तू पीत नसशील तर राहीन. पिऊन असशील तर पुढच्या गाडीने परत जाईन आणि मग पुन्हा येणार नाही. हे रागाने लिहीत नाही." शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं.

नॉर्बर्ट सतराव्या वर्षी मामाबरोबर निघून गेला होता. चार वर्षांत हे पहिलं पत्र.

"आणि तरी तुम्ही आज..." मी म्हणाले. बोलायला नको होतं, पण माझ्या तोंडाला कधी लगाम होता!

"त्रेपन्न दिवस, ओटिलियाबाई. पत्र आलं त्या दिवसापासून थेंब नाही. मोजलेत मी." ती रडत नव्हती, सांगत होती. "सगळं करून ठेवलंय. बिटाचं सार, मशरूम, खसखशीतला पाव. कार्प बाहेर गॅलरीत आहे, तळायचा राहिलाय. पडदे धुतले. म्हटलं, पोरगं यायच्या आधी वालेंतीला सांगून यावं. दिवा लावला. तिथे पंपावरचा हूबर्ट आला होता, त्याच्या आईला दिवा लावायला. म्हणाला, वालेंतीच्या नावाने एक. त्याच्या थडग्यापुढे उभं राहून नाही कशी म्हणू?"

"एकच?"

तिने ब्लँकेटची कड ओढून घेतली. मग म्हणाली, "हूबर्ट गेला. बाटली ठेवून गेला."

मला त्या हूबर्टला धरून बडवावंसं वाटलं, आणि हिलाही. आणि मग हिला जवळ घ्यावंसं वाटलं, म्हणून मी उठून चहा आणायला गेले.

दोन वाजता सात दशांश. अडीचला सहा. ती खोलीत येरझारा घालत होती, चाललं की लवकर उतरते म्हणून. पाणी पीत होती, पुन्हा पुन्हा तोंड धूत होती. यंत्राला यातलं काही कळत नाही, तासाला दोन दशांशांहून जास्त उतरत नाही, पण मी तिला तसं सांगितलं नाही. साडेतीन वाजता रूफिन स्वतः यंत्र घेऊन आला. दवाखान्यातले संध्याकाळचे डॉक्टर येऊन बसले होते, रूफिनची पाळी संपली होती, तरी तो गेला नव्हता.

तिने फुंकलं. मी त्याच्या कोपराखालून बघितलं आणि ओरडलेच, "अर्ध्याच्या खाली! चार! सुटल्या तुम्ही, बाई! थांबा, कपडे आणते."

"नाही," रूफिन म्हणाला.

"काय नाही? नियम आहे अर्ध्याचा!"

"शून्य."

मग माझी सटकली. वीस वर्षांत मी त्याच्याशी चढ्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटलं, तिचा मुलगा चार वर्षांनी येतोय, दार बंद बघून परत जाईल, तुमच्या शून्यापायी एका बाईचं पोर जाईल, तुम्हाला ना मूल ना बाळ, तुम्हाला काय कळणार? शेवटचं बोलायला नको होतं. त्याचा चेहरा हललाही नाही. पुरुषांच्या वॉर्डातून कुणीतरी ओरडलं, "मावशी, लढा! आम्ही तुमच्या बाजूने!"

"फेल्चर," एल्फ्रिदा म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "मी त्या दिवशी तुम्हाला फोन केला होता."



"पोस्टातून केला होता. म्हटलं होतं, सोडा हो त्याला, पोरगं खिडकीत ताऱ्याकडे डोळे लावून बसलंय. तुम्ही म्हणालात, अजून नऊ आहे, बाई, थोडं थांबू. मी म्हणाले, आजच्या दिवशी काय मोजता. आठवतं?"

"आठवतं."

"मला वाटलं, चौकशीत सांगाल. मला बोलावतील. मी बोलायचं काय ते ठरवूनसुद्धा ठेवलं होतं. कुणी बोलावलंच नाही. तुम्ही सांगितलंच नाहीत. का?"

"सही माझी होती."

"सहा वर्षं, फेल्चर. सहा वर्षं मी एकटी जाणून आहे की त्याला मी..."

"एकटी नाही," रूफिन म्हणाला.

मी त्या दोघांकडे बघत राहिले. त्या दिवशी मीही पाळीवर होते, वालेंतीला कोट मीच घातला होता, आणि हे मला माहीत नव्हतं. हा माणूस माझ्यासमोर रोज चहा प्यायचा आणि त्याने कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

रूफिनने यंत्र खिशात ठेवलं. "तुम्हाला सोडलं तर तुम्ही चारला घरी पोचाल," तो तिला म्हणाला, "आणि तो दारातच तुम्हाला मिठी मारेल. मिठी मारली की त्याला वास येईल. मग?"

तिने तळहात तोंडापुढे धरून श्वास सोडला, हुंगला. सगळ्याच जणी असं करतात.

"किल्ली द्या," रूफिन म्हणाला. "मी जाऊन बसतो. त्याला आत घेतो, बसवतो, खायला घालतो. सातपर्यंत तुमचं शून्य येईल. सातला त्याला त्याची आई मिळेल, जशी त्याने मागितली तशी."

"अहो, मग हिलाच घेऊन जा ना बरोबर!" मी म्हटलं. "हात धरून न्या. पडली तर तुम्ही आहात."

"म्हणजे पोराने तिला माझ्या हाताला लोंबकळताना बघायचं?"

यावर एल्फ्रिदाच म्हणाली, "नको. असं नको दिसायला." आणि माझ्याकडे वळून, "किल्ली द्या त्यांना, ओटिलियाबाई. कोटाच्या आतल्या खिशात आहे."

मग मात्र तिला सूचना सुचायला लागल्या. सार मंद आचेवर ठेवा, उकळू देऊ नका, रंग जातो. मशरूम त्याला आवडत नाहीत, लहानपणी पण आवडायचे नाहीत, आग्रह करू नका. बुटांनी सतरंजी ओली झाली तरी काही बोलू नका.

"आणि मी कुठे आहे म्हणाल?"

"काय म्हणू?"

"शाळेत पाइप फुटला म्हणून फरशी पुसायला बोलावलं, म्हणा." ती शाळेत सफाईचं काम करायची.

"मला खोटं बोलता येत नाही, बाई," रूफिन म्हणाला.

"आज बोला."

तो गेला. खिडकीतून बघितलं तर म्हातारा अक्षरशः पळत होता, बर्फात, माझ्या वीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतरचे साडेतीन तास कसे काढले ते मला आणि तिलाच ठाऊक. चार वाजले तेव्हा ती म्हणाली, आता जिना चढत असेल. सव्वाचारला म्हणाली, आता सार वाढलं असेल. बाहेर अंधारून आलं. वॉर्डात अकरा पुरुष होते, त्यांतला एक दर पाच मिनिटांनी विचारायचा, "मावशी, तारा दिसला का?" शेवटी मी त्याला म्हटलं, दिसला रे बाबा, दोन दिसले, एक तुझा. मग घरून आणलेली नाताळची पापडी काढली. कागदासारखी पातळ असते, एकमेकांना मोडून द्यायची आणि आशीर्वाद द्यायचा. अकराही जणांना तुकडा दिला. पट्टेदार पायजम्यांतले ते दाढी वाढलेले बाप्ये पापडी हातात धरून लहान पोरांसारखे रडले. दरवर्षीच रडतात.

एल्फ्रिदाने पापडी मोडली, पण दुसरं काही खाल्लं नाही. "नॉर्बर्टबरोबर खाईन." मी तिचा ब्लाउज धुऊन रेडिएटरवर वाळत घातला. तिचे केस विंचरले. एके काळी जाड केस असणार, अजून वळण होतं त्यांना. ती मला त्याच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती, खाणीच्या पंपाचा आवाज ऐकल्याशिवाय झोपायचा नाही म्हणे. "आता तिकडे तोही पंपावरच आहे," अभिमानाने म्हणाली. "बापाचं काम उचललं."

पाचला दोन. सहाला एकाच्याही खाली. डॉक्टर म्हणाले, बाई, कशाला छळ मांडलाय, जाऊ दे तिला. पण आता तीच जायला तयार नव्हती. "शून्य होऊ दे," म्हणाली. "त्यांनी शब्द दिलाय पोराला."

सातला पाच मिनिटं असताना यंत्रावर शून्य आलं. तिने मला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा शून्य. कागदावर लिहून द्या म्हणाली, मी मोठ्या आकड्यात लिहून दिलं.

सव्वासातला मागचं दार वाजलं. मी स्वयंपाकघरातून धावले. रूफिन एकटाच होता. टोपीवर बर्फ, भुवयांवर बर्फ. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

"गाडी उशिरा आहे का?" मी विचारलं. "बर्फ आहे, रूळ..."

"वेळेवर आली. साडेसहापर्यंत घरात बसलो, मग दारावर चिठ्ठी लावून स्टेशनवर गेलो. जर्मनीच्या डब्यातून सात माणसं उतरली. हमाल म्हणाला, सातही जणांना न्यायला कुणी ना कुणी आलं होतं." तो स्टुलावर बसला. "तीनदा सार गरम केलं, ओटिलिया. समोर भिंतीवर वालेंतीचा फोटो आहे. जिन्यात पाऊल वाजलं की आम्ही दोघं दाराकडे बघायचो."

 दुपारी त्याला मूलबाळावरून बोलले होते ते आठवलं. मी त्याची टोपी काढून झटकली आणि त्याच्या हातात परत दिली.

एल्फ्रिदा कोट घालून आतल्या दारात उभी होती. आवाज ऐकून आली असणार. केस नीट, ब्लाउजची कॉलर पांढरी, हातात शून्याचा कागद. तिने रूफिनच्या मागे बघितलं. तिथे बंद दार होतं.

रूफिन उठून उभा राहिला. "बुलांदाबाई," तो म्हणाला, "कुणी आलं नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता कोसळणार, मी पुढे झाले. पण ती कोसळली नाही. ती चक्क हसली.

"अहो फेल्चर," ती म्हणाली, "खोटं बोलता येत नाही म्हणे तुम्हाला!"

"खोटं नाही, बाई. नाही आला तो."

"पुन्हा तेच करताय. मला वाचवताय. तेव्हाही माझं नाव घेतलं नाहीत."

"देवाशप्पथ सांगतो, नाही आला."

"चौकशीतही तुम्ही शपथेवरच सांगितलं होतंत," एल्फ्रिदा म्हणाली.

रूफिनने टोपी या हातातून त्या हातात घेतली.  

"तुम्हाला बघून त्याला कळलं असणार. तुमचा चेहरा तो विसरेल का? फेल्चर घरात, म्हणजे आई कुठे, ते त्याला सांगावं लागत नाही. हुशार आहे तो." ती बोलत होती आणि तिचे गाल लाल होत होते. "मग गेला. बरोबरच आहे त्याचं. लिहिलंच होतं त्याने. चूक माझी आहे, मी काही नाही म्हणत नाही. पण आला ना! चार वर्षांनी माझ्या पोराने माझं दार वाजवलं."

रूफिनने तोंड उघडलं. मी त्याची बाही धरली, घट्ट. सबंध दुपार ज्या माणसाच्या मी मागे लागले होते की सोडा, हिला सोडा, त्याला मी आता सोडत नव्हते. खरं सांगितलं की पोराने वाजवलेलं ते दारही तिचं राहणार नव्हतं. त्याने माझ्या हाताकडे बघितलं. मग गप्प बसला.

"बारीक झालाय का हो?" एल्फ्रिदाने विचारलं.

मी जमिनीकडे बघत होते. 

"अंधार होता, बाई," रूफिन म्हणाला. "नीट दिसलं नाही."

"हो ना, जिन्यातला दिवा गेलाच आहे," ती म्हणाली. "किती वेळा सांगितलं त्या लोकांना." तिने रुमाल डोक्याला बांधला, मी शिवलेला बंद ओढून बघितला आणि हात पुढे केला. "किल्ली?"

किल्ली त्याने दिली नाही. म्हणाला, "मी सोडतो घरापर्यंत." ती म्हणाली, "कशाला, शून्य आहे की माझं." तो म्हणाला, "असू दे."

मी समोरचं दार उघडलं. ट्रॅम बंद झाल्या होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, घराघरांतून खिडक्या उजळल्या होत्या. ती पुढे, तो तिच्या अर्धं पाऊल मागे, असे दोघं भाजीच्या वाफ्यांच्या बाजूने चालू लागले. ती हात हलवून काहीतरी सांगत होती, नॉर्बर्टचंच असणार. रूफिन मान वाकवून ऐकत होता. उणे चौदापर्यंत गेलं होतं, आणि टोपी तशीच त्याच्या हातात होती. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. ते वळणावर दिसेनासे होईतो म्हातारा उघड्या डोक्यानेच चालत होता.